वृत्तनिवेदक व्हायचंय? मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

लातूर, हिंगोली, अंबड, देगलूर, कुठून कुठून पोरापोरींचे मेसेज येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकते. मी आधी आकाशवाणीवर कॅज्युअल म्हणून, म्हणजे कायम नोकरी नाही, ड्युटीप्रमाणे पैसे, अशा बातम्या वाचायचे, नंतर टीव्हीच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या लिहायच्या विभागात गेले, अँकरिंगही केलं, आता संभाजीनगरातच असते आणि शिकवते. त्यामुळे खाली जे आहे ते थोडं नियमांचं, थोडं बघितलेलं आणि बरंचसं माझं मत. पटलं तर घ्या.

वृत्तनिवेदक, निवेदक, अँकर, आरजे हे सगळं एकच ना?

नाही ओ. आकाशवाणीवर "आता ऐकू या अमुक तमुक" म्हणत कार्यक्रम जोडतो तो निवेदक, त्याला अनाउन्सर पण म्हणतात. बातम्या वाचतो तो वृत्तनिवेदक, आणि तिथे हे पद वृत्तनिवेदक-अनुवादक असं जोडीनंच येतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. टीव्हीवर अँकर म्हणजे वाचणं, लाइव्ह रिपोर्टरशी बोलणं, पाहुण्यांना आवरणं, सगळं. आरजे हा वेगळाच धंदा आहे.

यात एक घोळ नेहमी होतो. "मला प्रायव्हेट एफएमवर बातम्या वाचायच्यात" असं खूप जण म्हणतात. तशी नोकरीच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे लावता येतात तेवढंच. ट्रॅफिक, हवामान, मॅचचा स्कोअर, परीक्षेची माहिती हे चालतं कारण ते नियमात बातमी म्हणून धरलेलं नाही. कम्युनिटी रेडिओचंही तसंच. म्हणजे रेडिओवरच्या बातम्या म्हटलं की आपल्याकडे अजून आकाशवाणीच.

ताई, सगळे म्हणतात माझा आवाज भारी आहे. मग मी अँकर होईन ना?

सगळे म्हणजे कोण, मामा आणि मित्र? गॅदरिंगला सूत्रसंचालन केलेलं असतं, गणपतीत माइक हातात आलेला असतो, आणि आवाजाला भारदस्तपणा आणायची सवय लागलेली असते. ऑडिशनला असे पाच मिनिटांत ओळखू येतात. पहिलं वाक्य गडगडाट करत येतं, तिसऱ्या वाक्याला श्वास संपतो आणि पाचव्याला "अर्थसंकल्पीय अधिवेशन" आलं की गाडी रुळावरून खाली.

जुने लोक आठवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तिथे सुरुवातीला भक्ती बर्वे बातम्या द्यायच्या, स्मिता पाटील सिनेमात जायच्या आधी तिथेच बातम्या वाचायच्या, नंतर प्रदीप भिडेंचा आवाज तर घराघरात दोन पिढ्यांनी ऐकला. पुणे आकाशवाणीवर सुधा नरवणे होत्या, म्हणजे माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आई. या सगळ्यांचे आवाज एकमेकांसारखे अजिबात नव्हते. सारखं एवढंच होतं की वाक्य कुठे संपणार हे त्यांना ते सुरू करतानाच माहीत असायचं. आवाज बऱ्यापैकी असला की पुरतो. वाक्याचा अर्थ कळत असेल तर जोर आपोआप बरोबर शब्दावर पडतो, आणि कळत नसेल तर कितीही खर्ज लावा, ऐकणाऱ्याला कळतं की हा नुसता वाचतोय.

आमची भाषा मराठवाडी. "काय करायलास, कुठं जायलास" असं बोलतो. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो, माफी मागितल्यासारखा. तर नीट ऐका. तुम्ही घरी, कट्ट्यावर, आईशी फोनवर "करायलोय, जायलोय, लई, कामून" असंच बोला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि ते सोडायची गरज पण नाही. माइकसमोर जी भाषा लागते ती लिहिलेली असते, तुम्हाला फक्त तिचे उच्चार बसवायचेत.

उच्चारात आपल्याकडच्या पोरांना नेमकं काय नडतं ते सांगते. एक, ण आणि न. पाणी, लोणी, आणि, धोरण, धरण. यात "धरन" आलं की संपलं, कारण पावसाळ्यात बातमीपत्रात धरण दहा वेळा येतं. दोन, ळ. तीन, श आणि स, विशेषतः "शासनाने शेतकऱ्यांसाठी" हे लागोपाठ म्हणून बघा. चार, च आणि ज चे दोन-दोन उच्चार, चमचा आणि चहा, जागा आणि जीवन, हे आपल्याला घरातूनच येतात पण माइक आला की माणूस घाबरून सगळेच च एकसारखे करून टाकतो. पाच, वाक्याचं शेपूट गिळणं. "...असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आहे" मधलं "आहे" आपण खाऊन टाकतो. बोलताना ठीक, बातमीत नाही.

हे सगळं सुधारतं. महिनाभर रोज अर्धा तास मोठ्यानं वाचलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐकलं तरी बराच फरक पडतो. स्वतःचा आवाज ऐकायला पहिले काही दिवस नको वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं.

आता दुसरी बाजू, जी कोणी सांगत नाही. मुंबईत बसलेल्या अँकरला वाशी म्हटलं की नवी मुंबईच दिसते, धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुका आहे हे त्याच्या गावीही नसतं. कळंब म्हटलं की धाराशिवचं की यवतमाळचं? शिरूर तर तीन आहेत, पुण्याचं एक, बीडचं शिरूर कासार आणि लातूरचं शिरूर अनंतपाळ. भोकर नांदेडला आणि भोकरदन जालन्याला, हे उलटं झालेलं मी स्क्रीनवर बघितलंय. कन्नड तालुक्यातली बातमी कोणीतरी कन्नड भाषेसारखी वाचतं. औंढा नागनाथ, घनसावंगी, कळमनुरी, सोनपेठ, परंडा, ही नावं तुमच्या तोंडात बसलेली आहेत, तुम्हाला ती पाठ करावी लागत नाहीत. रात्री नऊच्या बुलेटिनच्या दोन मिनिटं आधी "अरे हे गाव कुठल्या जिल्ह्यात येतं" असं ओरडणाऱ्या प्रोड्युसरला उत्तर देणारा माणूस पुढच्या वेळी लक्षात राहतो. माझं तरी डेस्कवर बस्तान त्याच्यावरच बसलं.

शिक्षण काय लागतं?

पदवी. कुठलीही चालते, पत्रकारितेची असेल तर बरं. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, संभाजीनगरात एमजीएमचं पत्रकारिता कॉलेज आहे. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, आणि आयआयएमसीचं अमरावतीचं केंद्र, तिथे मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. कुठेही जा पण जिथे स्टुडिओत रोज बसायला मिळतं तिथे जा. वर्षातून दोनदा कॅमेरा दाखवणाऱ्या ठिकाणी फी भरू नका.

"तीन महिन्यांत अँकर बना" वाले क्लास करू का?

आधी विचारा की लिहायला शिकवता का. नुसता मेकअप, कोट आणि हिरवा पडदा असेल तर तो फोटो स्टुडिओ आहे.

आकाशवाणीत बातम्या वाचायला नेमकं कसं जायचं?

आधी थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांची मिळून पाच रेडिओ केंद्रं होती: मैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे निजामाच्या राज्यात हैदराबादच्या जोडीला आपल्या शहरात रेडिओ होता, हे इथल्याच किती जणांना माहीत असेल कोण जाणे. नंतर ही केंद्रं ऑल इंडिया रेडिओनं ताब्यात घेतली.

आज संभाजीनगरच्या केंद्राला स्वतःचा प्रादेशिक वृत्त विभाग आहे, मराठवाड्याचं बातमीपत्र तिथून जातं. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे केंद्रं आहेत पण तिथे मुख्यतः कार्यक्रम असतात. त्यामुळे बातम्याच वाचायच्या असतील तर संभाजीनगरकडे डोळा ठेवा, निवेदन करायचं असेल तर जवळचं केंद्र बघा.

कायमस्वरूपी भरती जवळजवळ विसरा. काम चालतं ते कॅज्युअल पॅनेलवर. वृत्त विभाग अधूनमधून जाहिरात काढतो, पदवी आणि वयाची अट असते, स्थानिक रहिवासी पाहिजे असंही बऱ्याचदा असतं. आधी लेखी परीक्षा, तीत पास झालात तर आवाज चाचणी, मग मुलाखत. आणि लेखी परीक्षेतच आपली बहुतेक पोरं गळतात, कारण तिथे इंग्रजी मजकूर देऊन मराठीत बातमी करायला सांगतात. वर म्हटलं ना, पदाच्या नावातच अनुवादक आहे. आवाजाची तयारी सहा महिने केलेली असते आणि अनुवादाची शून्य.

पॅनेलवर आलात म्हणजे नोकरी लागली असं नाही. महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात, ड्युटीप्रमाणे पैसे मिळतात, आणि याच्या जोरावर पुढे कायम करा म्हणता येत नाही, तसं लिहून घेतात. म्हणून कॅज्युअलवाले बहुतेक दुसरं काहीतरी करत असतात, शिक्षक असतात, वकील असतात, एखादी भाषांतराचं काम घेते. सकाळचं बातमीपत्र सातच्या सुमारास असतं म्हटल्यावर तुम्ही पहाटेच केंद्रात पाहिजे, आणि थंडीत रिक्षा मिळत नाही, ही पण एक पात्रता समजा.

अनुवादाची तयारी कशी करू? पेपर वाचला की पुरे ना?

पेपर वाचाच, पण पेपरची मराठी रेडिओवर चालत नाही. कल्पनेतली एक बातमी घेऊ. पेपरात अशी येईल:

"जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीमुळे बाधित शेतकऱ्यांना तातडीने आर्थिक मदत देण्यात यावी, या व इतर प्रलंबित मागण्यांसाठी विविध शेतकरी संघटनांच्या वतीने सोमवारी येथील जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढण्यात आला."

हे मोठ्यानं वाचा. "येथील" म्हणजे कुठे? पेपरात वर गावाचं नाव छापलेलं असतं, रेडिओत वर काहीच नसतं. "व" कानाला ऐकूच येत नाही. "बाधित" म्हटल्यावर चहा गाळणाऱ्या माणसाला काही कळत नाही. आता हेच:

"अतिवृष्टीनं नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना लगेच मदत द्यावी, या मागणीसाठी आज परभणीत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा निघाला. वेगवेगळ्या शेतकरी संघटना त्यात सहभागी झाल्या."

दोन वाक्यं, गाव आत आलं, दिवस आज झाला. रेडिओ ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. रोज पेपरातल्या तीन बातम्या अशा करून बघा आणि मग इंग्रजीवरून करा.

सगळ्यात चांगला अभ्यास फुकट पडलेला आहे आणि कोणी करत नाही. न्यूज ऑन एअर च्या अॅपवर आणि साइटवर प्रादेशिक बातमीपत्रं ऐकायला मिळतात, मजकूरही मिळतो. आधी मजकूर घेऊन स्वतः वाचून रेकॉर्ड करा, मग खरं बातमीपत्र ऐका. त्या मजकुरात "झालं, केलं, सांगितलं" असंच लिहिलेलं दिसेल, "झाले, केले" नाही, कारण तो कागद डोळ्यांसाठी नसतो.

बातमी वाचायच्या आधी कागदावर काय खुणा करता?

प्रत्येकाची पद्धत वेगळी, माझी सांगते. कागद हातात आला की पहिल्यांदा मनात नाही, ओठ हलवत वाचायचा. जिथे जीभ अडखळली तिथे पेन्सिलनं गोल. श्वास घ्यायची जागा तिरकी रेघ, मोठा थांबा दोन रेघा. ज्या शब्दावर जोर तो अधोरेखित, आणि एका वाक्यात असा शब्द एकच, दोन झाले की भाषण होतं. परदेशी नाव असेल तर वर देवनागरीत तोडून लिहायचं. पानं स्टेपल करायची नाहीत, सुटी ठेवायची, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही तर बाजूला सरकवायचं, उलटलं की माइक तो खर्रर्र आवाज पकडतो. एका पानावरची बातमी दुसऱ्या पानावर जाऊ द्यायची नाही. गेलीच तर पान सरकवताना वाक्य तुटतं आणि जालन्याच्या अपघातातले जखमी नांदेडच्या कृषी प्रदर्शनात जाऊन पोचतात.

वेगाबद्दल विचारतात. मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द या दरम्यान मराठी बातमी ऐकायला बरी वाटते असा माझा अनुभव, पण घड्याळ बघून वाचू नका.

आकडे वाचताना फजिती होते. काय करू?

इंग्लिश मीडियमच्या पोरांचा हा खास आजार. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यात गल्लत, सदुसष्ट आणि अडुसष्ट यात गल्लत. शंभरपर्यंतचे पाढ्यासारखे आकडे परत घोका, लाज बाळगू नका.

आपल्याकडे तर आकड्यांचा पूर येतो तो पावसाळ्यात. जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, निम्न दुधना, सीना कोळेगाव, प्रत्येकाचा साठा, आवक, विसर्ग. कागदावर "दलघमी" लिहिलेलं असतं ते "दशलक्ष घनमीटर" वाचायचं असतं, "दलघमी" नाही. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी, साधारण अठ्ठावीस दलघमी. टीएमसी साठ्याला आणि क्युसेक वाहत्या पाण्याला, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. हे कळलं की "धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी आहे" असली चूक कागदावर असली तरी तुम्ही ती वाचायच्या आधी पकडाल. जायकवाडीची एकूण साठवण १०२ टीएमसीच्या आसपास आहे, तर कागदावर १२० आलं तर हात वर करा. टक्केवारीत टिंब आलं की आकाशवाणीच्या पद्धतीनं "पूर्णांक" आणि "दशांश" म्हणायचं, ७६.५ म्हणजे शहात्तर पूर्णांक पाच दशांश. टीव्हीवर पॉइंट चालतो.

पैठणच्या खाली गोदाकाठच्या गावातला माणूस तो विसर्गाचा आकडा ऐकून रात्री जनावरं सोडायची की नाही ते ठरवतो. तेवढं ध्यानात असलं की आकडा घाईत वाचला जात नाही.

टीव्हीत एकदम अँकर म्हणून घेतात का?

क्वचित. चेहरा आणि आवाज बघून घेतलेत असे आहेत, पण टिकलेले बहुतेक डेस्कवरून किंवा फिल्डवरून वर आलेत.

२००० साली ई टीव्ही मराठी सुरू झालं तेव्हा त्याच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून जायच्या. आपल्या भागातल्या पोरांना ते मुंबईपेक्षा जवळ, नांदेड-परभणीच्या पोरांनी देवगिरी एक्सप्रेस उलट्या दिशेनं पकडायची. नंतर २००७-०८ च्या सुमारास झी २४ तास, स्टार माझा (आताचं एबीपी माझा), आयबीएन लोकमत, साम हे सगळे आले, पाठोपाठ टीव्ही ९, आणि सगळा कारभार मुंबईत गेला. आता अँकर व्हायचं तर मुंबई-नोएडा असंच आहे, संभाजीनगरात बसून राज्यभराच्या चॅनेलचा अँकर होता येत नाही. हे आधीच कळलेलं बरं.

तुमच्यासाठी दारं तीन. एक, जिल्ह्याचा रिपोर्टर किंवा स्ट्रिंगर. स्ट्रिंगरला बातमीमागे पैसे मिळतात, कधी वेळेवर कधी नाही, बाइकचं पेट्रोल स्वतःचं, पण लाइव्ह उभं राहायची सवय इथेच लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा सगळ्या देशाचे कॅमेरे तिथे होते, आणि ज्याला लातूरची पाणीपुरवठ्याची गोष्ट आधीपासून माहीत होती तोच दोन वाक्यांच्या पुढे बोलू शकत होता. दोन, डेस्क, म्हणजे कॉपी (बातमीचा मजकूर) लिहिणं, बाईट (कोणाच्या बोलण्याचा तुकडा) कापून घेणं, टिकर (खाली सरकणारी पट्टी) टाकणं. रात्रपाळीला अँकर आजारी पडला की पहिली नजर डेस्कवर जाते. तीन, व्हॉइस ओव्हर. पॅकेजला, म्हणजे आधी तयार केलेल्या बातमीच्या व्हिडिओला, आवाज देत देत लोक स्क्रीनवर येतात.

टेलिप्रॉम्प्टर असतो म्हणजे सोपंच ना?

लोकांना हेच वाटतं. प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी काच, तिच्यावर अक्षरं सरकतात, म्हणून तुम्ही प्रेक्षकाकडे बघताय असं वाटतं. ठीक. आता त्याच वेळी कानात इयरपीस आहे. समजा तुम्ही वाचताय "मराठवाड्यात आजपासून पुढचे तीन दिवस" आणि कानात पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, प्रोड्युसर म्हणतोय "पुढची लिंक ड्रॉप, ड्रॉप, बीडचा फोनो आलाय, तीस सेकंद ताण, नाव लिहून घे." (फोनो म्हणजे फोनवरून बोलणारा रिपोर्टर.) तोंड हवामान सांगतंय, हात नाव लिहितोय, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तेवढ्यात प्रॉम्प्टरवर आधीचीच ओळ परत सरकत येते कारण चालवणाऱ्याचा हात घसरला. त्या क्षणी समोर कागद असेल तर खाली बघून वाचता येतं, आणि बातमी माहीत असेल तर कागदही लागत नाही. म्हणूनच जुने अँकर हातात कागद घेऊन बसतात, तो शोभेचा नसतो.

सराव घरी होतो. टीव्हीवर बातम्या लावा, एका कानात हेडफोन घालून दुसरंच काहीतरी लावा, आणि समोरचा मजकूर मोठ्यानं वाचा. घरचे येडं म्हणतील, म्हणू द्या.

दुःखाची बातमी वाचताना आवाज कसा ठेवायचा?

साधा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला तेव्हा मराठी बातम्यांची खासगी चॅनेल्सच नव्हती, रेडिओ, दूरदर्शन आणि पेपर एवढंच. आज तसं काही झालं तर मागे ढणढण म्युझिक असेल आणि अँकर किंचाळत असेल. ज्याच्या घरातलं माणूस ढिगाऱ्याखाली आहे तो पण ऐकतोय. वेग थोडा कमी, गावाचं नाव स्पष्ट, मृतांचा आकडा आणि तो कोणी सांगितला तेवढं. गळा भरून आणायचा नाही आणि पुढच्याच बातमीला क्रिकेट असेल तर एक श्वास जास्त थांबायचं.

कागदावर आहे ते वाचलं, मग माझी काय जबाबदारी?

तुमच्या तोंडून गेलं म्हणजे तुमची पण. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ७२, आणि मूल असेल तर पोक्सोचं कलम २३. ओळख म्हणजे फक्त नाव नाही, छोट्या गावाचं नाव, वडिलांचा धंदा आणि शाळा एवढं सांगितलं तरी सगळ्या पंचक्रोशीला कळतं. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर दाखवता येत नाही, आणि एक्झिट पोलवर शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी असते. आरोप झालाय म्हणून माणूस "आरोपी" होतो, "गुन्हेगार" नाही. रात्री घाईत कॉपी येते तेव्हा हे बघणारा शेवटचा माणूस तुम्ही असता.

पगार किती मिळतो?

आकडा सांगत नाही, चॅनेलप्रमाणे आणि माणसाप्रमाणे फार बदलतो. जॉइन होताना विचारायचं ते असं: हातात किती येणार, पीएफ आहे का, करार किती वर्षांचा, मध्येच सोडलं तर किती महिन्यांचा पगार कापणार, रात्रपाळीला गाडी सोडते का. मुंबईतलं भाडं वजा करून मग आनंद साजरा करा. चॅनेल बंद पडतात, मालक बदलतात, सहा-सहा महिन्यांनी टीम बदलते, त्यामुळे हाताला दुसरं एखादं काम असलेलं बरं, अनुवाद, डॉक्युमेंटरीला आवाज, ऑडिओबुक, जाहिराती.

मी मुलगी आहे, घरचे मुंबईला नको म्हणतात.

हे मला पण ऐकावं लागलं. घरच्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, रात्री दोनला शिफ्ट सुटते आणि पहाटे चारला सुरू पण होते. पण भांडून जाण्यापेक्षा आधी इथे सुरुवात करा, कम्युनिटी रेडिओ, आकाशवाणीचं पॅनेल, लोकल केबल. आवाज रेडिओवर आला आणि शेजारच्या काकूंनी घरी येऊन सांगितलं की वडलांचा सूर बदलतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. गेल्यावर ऑफिसमध्ये अंतर्गत तक्रार समिती आहे का ते विचारून ठेवा, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ती कायद्यानं असावीच लागते.

दिसायला गोरं-बिरं लागतं का? कपडे?

टीव्ही दिसण्याचं माध्यम आहे, त्यामुळे त्रास होतो, काही ठिकाणी रंगावरून बोलतात पण. हळूहळू बदलतंय, फार हळू. कपड्यांचं सोपं आहे. मागे क्रोमाचा हिरवा पडदा (ज्याच्या जागी कॉम्प्युटरनं दुसरं चित्र लावतात) असेल तर हिरवं घालू नका, नाहीतर धड गायब होऊन मुंडकं बातम्या देतं. बारीक चौकटी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात नाचतात. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या द्यायला बसायच्या असं सांगतात, टेबलाच्या खाली कोण बघतंय.

एआय अँकर आलेत, मग आमचं काय?

२०२३ मध्ये आज तकनं सना आणली, ओडिशा टीव्हीनं लिसा, २०२४ मध्ये डीडी किसानवर क्रिश आणि भूमी आले. ते न थकता चोवीस तास वाचतात, आणि नुसतं वाचण्याचं काम त्यांच्याकडे जाणार हे मला तरी स्पष्ट दिसतंय. म्हणून तर मघापासून अनुवाद, गावं, आकडे, कायदा असं डोकं खातेय. चुकीचा विसर्ग लिहून दिला तर सना तो सुंदर आवाजात वाचेल.

स्वतःचं यूट्यूब न्यूज चॅनेल काढू का?

सरावासाठी काढा की. फक्त बूमवर, म्हणजे हातातल्या माइकवर, मोठ्या चॅनेलसारखा लोगो लावून अधिकाऱ्यांना दमदाटी करत फिरू नका, तालुक्या-तालुक्यात ती जमात झालीय आणि खऱ्या रिपोर्टरला त्याचा ताप होतो.

ताई, माझी क्लिप ऐकाल का?

ऐकते, वेळ लागतो पण ऐकते. एक मिनिटाचीच पाठवा, मागे म्युझिक नको, इको नको, "नमस्कार मित्रांनो" नको. एक स्थानिक बातमी आणि एक आकड्यांची बातमी, दोन्ही तुम्ही स्वतः लिहिलेल्या. सोबत लिहिलेला मजकूर पण टाका, कारण मी तो आधी वाचणार आहे. पंखा बंद करून रेकॉर्ड करा, दहातल्या आठ क्लिपांत मला पंखाच जास्त ऐकू येतो.